सापाला खोकता येत नाही

सकाळी सव्वासहाला मी विशूच्या खोलीतला दिवा लावला आणि काचेच्या पेटीपाशी वाकले, तर गुंडूच्या डाव्या नाकपुडीतून एक बुडबुडा बाहेर आला. फुगला, फुटला. मग दुसरा आला.

“अहो!” मी ओरडले. “अहो, लवकर या इकडं!”

हे आले नाहीत. सापाच्या कामासाठी हाक मारली की ह्यांना ऐकू येत नसे.

गुंडू हा आमच्या मुलाचा साप. जात अजगराची, आफ्रिकेतली. पण अजगर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसा बकरी गिळणारा नव्हे. साडेतीन फूट लांब, माझ्या मनगटाएवढा जाड, बिनविषारी आणि कमालीचा भित्रा. घाबरला की डोकं मध्ये खुपसून अंगाची गुंडाळी करायचा, म्हणून गुंडू. विश्वजीतने, म्हणजे विशूने, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तो पुण्याहून आणला. मग इंजिनिअरिंग सोडलं, प्राणिशास्त्र घेतलं, आणि शेवटी ऑस्ट्रेलियातल्या एका सर्पोद्यानात नोकरीला लागला. ज्या दिवशी निघाला त्या दिवशी हे दारात उभे राहून म्हणाले, “पस्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सातारा स्टँडवर मला मान होता. आता गारुड्याचा बाप म्हणून मिरवू का? जा. आजपासून तू माझा कुणी नाहीस.” विशू ह्यांचाच मुलगा. “बरं,” म्हणाला आणि बॅग उचलून गेला. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

साप मात्र माझ्या पदरात पडला. मी शिवणक्लास चालवणारी बाई, पाल दिसली तरी स्टुलावर चढणारी. पहिले तीन महिने जाड हातमोजे चढवून, तोंडाने रामरक्षा म्हणत मी त्या पेटीत हात घालत होते. मग एकदा पाणी बदलताना तो आपला आपण मनगटावर चढला, एक वेढा घेतला आणि स्वस्थ बसला. त्याला माझ्याकडून फक्त ऊब हवी होती. त्या दिवसापासून मोजे गेले. शेजारणी म्हणायच्या, प्रमिलावहिनींना साप चावला नाही पण झपाटलं मात्र. म्हणोत बापड्या.

खरं सांगायचं तर माझा त्यात स्वार्थ होता. विशू दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल करायचा तो गुंडूला बघायला. मी फोन हातात धरून हॉलमधून खोलीत जायची, पेटी दाखवायची, आणि गुंडूचं अंग, डोळे, नाक असं सगळं बघता बघता पोरगं जेवलं का, बारीक झालं का, हे मी बघून घ्यायची. माझ्या मनात एक हिशेब पक्का बसला होता. हा साप आहे तोवर फोन आहे. साप गेला की पोराला ह्या घरात बघण्यासारखं काही उरणार नाही. हे तर रविवारी पावणेअकराला चपला घालून बाहेरच पडायचे. बाराला परत आले की दारातूनच विचारायचे, “काय म्हणतो साप?” मला तो टोमणा वाटायचा. मी उत्तरच देत नसे.

पेटीच्या काचेवर विशूने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवून ठेवला होता. श्वासाचा आवाज. उघडं तोंड. मान वर करून बसणं. नाकातून फेस. आणि खाली, “यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नकोस, आई. सापाला बरं नाही हे आपल्याला कळतं तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.”

आणि मी थांबले होते. पाच दिवस थांबले होते. गुरुवारी गुंडूच्या श्वासातून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की कात टाकायला आलाय, नाकपुडीत कातीचा तुकडा अडकला असेल. पूर्वी एकदा तसं झालं होतं. शनिवारी त्याने उंदीर घेतला नाही. रविवारी विशू म्हणाला, “आई, फोन जरा त्याच्या नाकाजवळ ने.” मी म्हटलं, “आज उजेड बरा नाही रे.” जानेवारीतलं स्वच्छ ऊन खोलीभर पडलं होतं. मी पोराशी धडधडीत खोटं बोलले, कारण मला भीती वाटली होती.

“काय आरडाओरडा चाललाय?” हे शेवटी तोंडात ब्रश घेऊन दारात आले.

“ह्याच्या नाकातून फेस येतोय. तोंड बघा, उघडं ठेवलंय. श्वास मिळत नाही त्याला.”

हे आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत. गुंडूने मान उभी केली होती. अंगाचा बाकी भाग ढिला पडला होता आणि तेवढी वीतभर मान छताकडे. दर श्वासाला घशातून ओलसर घरघर येत होती.

“डॉक्टरला फोन कर,” हे म्हणाले.

साताऱ्यात मी दोघांना केला. एकजण गुरांचे डॉक्टर, ते म्हणाले, “ताई, दुभत्या जनावराचं काही असलं तर सांगा.” दुसरे म्हणाले, “इथं आणू नका हं, बाकीचे पेशंट पळतील.” मग मी विशूच्या कागदाच्या तळाशी लिहिलेला पुण्याचा नंबर लावला. डॉक्टर तस्नीम मुल्ला. त्या झोपेतून उठल्या होत्या, पण माझं दुसरं वाक्य संपायच्या आत म्हणाल्या, “काकू, दूध, हळद, तेल, काहीही तोंडात घालू नका. ऊबदार ठेवा आणि लगेच निघा.”

“मी एसटीने जाते,” मी ह्यांना सांगितलं. “डब्यात घालते, वर चादर टाकते. कुणाला कळणार आहे?”

“एसटीत साप?” पस्तीस वर्षांची नोकरी एकदम जागी झाली. “नियमात बसत नाही. कंडक्टर शिरवळला उतरवेल तुला.” ब्रश हातातच होता. “सातला निघालो तर साडेनऊच्या आत सहकारनगर. गाडी काढतो.”

हे इतक्या पटकन तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून ह्यांच्यात एक फरक पडला होता खरा. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तरी देवापुढे हात न जोडलेला हा माणूस, आता रोज दुपारी चारला विशूच्या खोलीत जायचा आणि उदबत्ती लावायचा. विशूच्या पुस्तकांच्या फळीवर त्याचा शाळेतला मातीचा गणपती होता, त्याच्यापुढे. दार लोटून अर्धा तास आत बसायचा. तीन ते पाच माझा क्लास, हॉलमध्ये आठ मशिनं चालू असायची, तरी तो मोगऱ्याचा वास यायचा आणि मला भरून यायचं. मी कधी विषय काढला नाही. उलट किराणा भरताना उदबत्तीचे दोन पुडे जास्त घ्यायची. खोलीत गार वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या सगळ्या फटी मी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या, म्हणून वास टिकायचाही छान.

मी विशूच्या पलंगावरची सोलापुरी चादर ओढली, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घातली, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवली आणि मध्ये गुंडू. डबा मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले.

ह्यांनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. आवाज ऐकू यायला हवा होता. घर्र, मग थोडा वेळ काही नाही, मग घर्र. मध्ये फार वेळ गेला की हे रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, “चालू आहे का?”

“आहे.”

पाचवडच्या पुढे गेल्यावर परत, “चालू आहे का?”

“आहे हो. तुम्ही गाडी चालवा.”

गाडी साठच्या वर न नेणारा माणूस, त्या दिवशी खंबाटकीच्या बोगद्यातून नव्वदने गेला. बोगद्यातल्या अंधारात मला गुंडूचा आवाज ऐकू येईना आणि मी डब्यात हात घालून त्याच्या अंगावर ठेवला. हाताखाली बरगड्या हलत होत्या, पण ओढून ओढून. मी मनात म्हणत होते, मेलास तर मी त्याला काय सांगू? उजेड नव्हता म्हणून सांगू?

डॉक्टर तस्नीमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. “तू हो पुढं, मी गाडी लावून आलो,” हे म्हणाले. मी डबा छातीशी धरून दोन जिने एका दमात चढले. साठीला टेकलेल्या बाईला असं चढता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर तिशीच्या आतबाहेरची, बारीक चणीची, दोन्ही हातांवर ओरखडे. तिने गुंडूला उचललं, वजन केलं, आणि एका चपट्या काडीने त्याचं तोंड हळूच उघडलं. “बघा काकू,” ती म्हणाली. “जिभेच्या मागे हे श्वासनळीचं तोंड.” तिथे घट्ट, तारा सुटणारी चिकट लाळ भरली होती. तिने कापसाच्या काडीने थोडी काढून बाटलीत घेतली, मग स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिली.

“आवाज कधीपासून?”

“गुरुवारपासून,” मी मान खाली घालून म्हणाले. “दुपारी अडीचच्या सुमारास पहिल्यांदा.”

“न्यूमोनिया आहे. सुरुवात तरी नक्की.” तिने गुंडूला एका उबदार पेटीत ठेवलं. “यांचं अवघड असतं, काकू. आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो यांना. सापाला खोकता येत नाही. आत साचलं की साचलं, बाहेर टाकायची सोयच नाही. ओरडता येत नाही, सांगता येत नाही. मान वर करून बसतो, तेवढंच.”

दहाएक मिनिटांनी हे वर आले. “कुठं जागाच मिळेना,” म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. रुमालाने कपाळ पुसलं. जानेवारीत.

डॉक्टरने मला प्रश्नांवर प्रश्न विचारले. पेटीचं तापमान? गरम बाजूला बत्तीस, मी रोज वहीत लिहिते. दमटपणा? तोही लिहिते. पाणी? रोज ताजं. फरशी फिनेलने पुसता? नाही, विशूने बंद करायला लावलंय. वारा? वाऱ्याला यायला फटच ठेवलेली नाही.

“तुम्ही माझ्या निम्म्या पेशंटांच्या मालकांपेक्षा बरं सांभाळता,” ती म्हणाली. “मग याला झालं कशानं?”

ती डब्यातली चादर काढायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. चादर नाकाजवळ नेली. “खोलीत धूर करता का कसला?”

“उदबत्ती,” मी म्हणाले. मला अभिमानच वाटला असावा. “हे लावतात. रोज, न चुकता. मुलाच्या खोलीत.”

“बंद खोलीत रोज उदबत्ती? काकू, ती बंद करा आजपासून. पण...” तिने पुन्हा वास घेतला. “उदबत्तीचा वास मला कळतो. त्याच्या खाली दुसरा आहे. माझे अब्बा वीस वर्षं ओढायचे. ही सिगारेट आहे. एकदोनदाची नाही, महिनोन्‌महिने मुरलेली. घरात कोण ओढतं?”

“छे!” मी हसलेच. “आमच्या घरात कुणीच...”

आणि मी दाराकडे बघितलं. हे आपल्या चपलांकडे बघत होते.

मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा सगळं एकदम कळलं. अँजिओप्लास्टी झाली त्या संध्याकाळी, हॉस्पिटलच्या पलंगावर बसून, ह्यांनी विशूच्या डोक्यावर हात ठेवला होता. विशू पलंगाशी वाकून उभा होता. “विशूची शपथ, पुन्हा सिगारेटला शिवणार नाही.” मी समोर होते. आमच्याकडे पोराची शपथ कुणी उगाच घेत नाही. घेतली तर मोडत नाही, कारण मोडली तर ती पोराला लागते असं आम्ही मानतो.

“पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही!” माझा आवाज इतका चढला की आतल्या खोलीतलं कुत्रं भुंकू लागलं. “परमुलखात आहे तो! एकटा, सापांमध्ये! आणि त्याच्याच खोलीत बसून, त्याची शपथ मोडून... आणि मी तुम्हाला उदबत्त्या आणून देत होते?”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू!”

“त्याला कुणी नाहीस म्हणालो ना मी,” हे म्हणाले. चपलांशीच बोलत होते. “मग म्हटलं, पोरगंच आपलं राहिलं नाही तर शपथ तरी कुणाची? जूनमध्ये एक ओढली. ओढली आणि घाबरलो. म्हटलं तिकडं काही झालं तर? म्हणून उदबत्ती लावली. माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढली.” ह्यांनी रुमाल मुठीत दाबला. “वासासाठी नव्हती लावत, अगं. वास जातो ते नंतर कळलं.”

मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. राग होता, किळस होती, आणि दुपारी चारला मोगऱ्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आणणारी मी मला महामूर्ख दिसत होते. मी भिंतीला टेकले.

डॉक्टर आमच्यामध्ये पडली नाही. तिने मोबाइल उचलला. “मला विश्वजीतशी बोलावं लागेल. पूर्वी याला कुठलं औषध चाललं, किती चाललं, ते त्यालाच माहीत.”

“नको,” मी म्हणाले. “त्याला कळवू नका. बरा झाल्यावर सांगू.”

“काकू, डोस चुकला तर याची मूत्रपिंडं जातील.”

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. तिने स्पीकर लावून मोबाइल टेबलावर ठेवला. विशूचा आवाज खोलीत आला आणि ह्यांनी मान वर केली. दोन वर्षांनी ऐकत होते.

डॉक्टरने थोडक्यात सांगितलं. विशूने जुन्या औषधाचं नाव सांगितलं, वजन विचारलं, काही आकडे सांगितले, तिने लिहून घेतले. मग तो म्हणाला, “कारण काय पण? आई तर थर्मामीटर घेऊनच हिंडते.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं.

“आई? आहेस ना तिथं?”

“आहे रे. अरे, उदबत्ती.” तीन दिवसांत दुसऱ्यांदा खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही. “मीच लावत होते. माझीच चूक.”

हे उठले. टेबलापर्यंतची चार पावलं चालत आले आणि मोबाइलवर वाकले. “उदबत्ती मी लावत होतो. आणि सिगारेट. मी ओढली, तुझ्या खोलीत. तिचं काही नाही त्यात.”

मी डोळे मिटून घेतले. आता तो फोन ठेवणार, आणि पुन्हा कुठल्याच रविवारी करणार नाही, अशी माझी खात्रीच झाली.

“कधीपासून, पप्पा?” विशू म्हणाला.

“जूनपासून.”

“रोज किती?”

“दोन. कधी तीन.”

“दम लागतो?”

“वय झालं आता. चालायचंच.”

“मी वय विचारलं नाही. जिना चढताना थांबावं लागतं का?”

ह्यांनी टेबलाची कड धरली. “लागतं.”

“आज कितव्या मजल्यावर आहात तुम्ही?”

“दुसऱ्या. चारदा थांबलो.”

गाडीला जागा मिळाली नव्हती ती अशी. मी डोळे उघडले. डॉक्टर तस्नीम लिहायची थांबली होती आणि ह्यांच्या चेहऱ्याकडे, ओठांकडे, टेबलावरच्या बोटांकडे बघत होती.

“पाय सुजतात?”

“संध्याकाळी. मोज्यांचे वण उठतात.”

“छातीत दुखतं?”

“दुखत नाही. आवळल्यासारखं होतं जरा.”

“रात्री आडवं झोपता येतं?”

हे शाळेतल्या पोराला गुरुजींनी उभं करावं तसे उभे होते.

“पप्पा, आडवं झोपता येतं का?”

“तीन उशा घेतो,” हे म्हणाले. “त्याच्या खाली गेलं की गुदमरतं.”

तिसऱ्या उशीचा अभ्रा मी शिवला होता. दिवाळी झाल्यावर हे म्हणाले होते, “मान अवघडते गं, अजून एक उशी कर.” मी क्लासमधल्या उरलेल्या फुलाफुलांच्या कापडाचा अभ्रा बेतला, हौसेने कडेला झालर लावली, आणि “आता सरकारांना लोडच आणते” म्हणून थट्टा केली. मग तीन महिने रोज त्या उशीच्या शेजारी झोपले. हा माणूस रात्रभर जवळजवळ बसून असायचा आणि मी झालर बरी बसली की नाही ते बघत होते. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

“काका, बसा,” डॉक्टर तस्नीम म्हणाली. तिने स्वतः खुर्ची ओढली. “उभे राहू नका. हात सोडा, बसा.”

“आई,” विशूचा आवाज बदलला होता. “ऐक. पप्पांना आत्ता हार्टच्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं. साताऱ्याला परत जायचं नाही, पुण्यातच. जिना चालत उतरू द्यायचा नाही, खुर्चीत बसवून खाली न्या. डॉक्टर, गुंडूला ठेवून घ्याल?”

“ठेवते.”

“त्याचं नंतर बघू,” विशू म्हणाला.

त्याचं नंतर बघू. दोन वर्षं मी एक साप जिवापाड जपत होते, कारण पोराला आमच्यापैकी कुणी नको आहे, तेवढा साप हवा आहे, असं मी धरून चालले होते.

“तू...” ह्यांना वाक्य जुळवता येईना. “तू बरा आहेस ना तिकडं? काही झालं नाही ना तुला?”

“मला काय होणार?” तो जरा थांबला. “दर रविवारी आई फोन घेऊन हॉलमधून जाते ना, तेव्हा मी तुमची खुर्ची बघतो. रिकामी असते.”

“कोपऱ्यावर असतो मी. टपरीपाशी.”

“ओढत?”

“नाही. तुझा फोन संपायची वाट बघत.”

ह्यांनी चष्मा काढला. डॉक्टरने फोन उचलला आणि स्पीकर बंद करून विशूशी बोलत बाहेर गेली. पाच मिनिटांत तिचे दोन मदतनीस आले आणि त्यांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. सातारा स्टँडवर ज्यांच्या एका शिट्टीने गाड्या हलायच्या, ते दोन जिने चौघांच्या समोर असे खाली गेले आणि एकदाही कुरकुरले नाहीत. त्यानेच मी जास्त घाबरले.

पुढचं फार नाही. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, तीन ठिकाणी अडथळे निघाले, त्याच आठवड्यात बायपास झाली. विशू शुक्रवारी पहाटे उतरला आणि महिनाभर राहिला. गुंडूची इंजेक्शनं एकवीस दिवस चालली आणि तोही घरी आला. आज सहा वर्षं झाली. दोघंही ठणठणीत आहेत, आणि दोघांपैकी जास्त हट्टी कोण ते मला विचारू नका.

पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते नंतरचं एक मिनिट. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात ह्यांच्या नाकाला नळी लावली होती आणि हातात कागद घेतलेला एक तरुण डॉक्टर समोर उभा होता. पेशंटला जास्त बोलू द्यायचं नाही म्हणून त्याने मला विचारलं, “काकू, यांना दम कधीपासून लागतोय?”

मी तोंड उघडलं. दिवस, वार, वेळ, काहीच आलं नाही. तो पेन धरून थांबला. मी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी नळी जरा बाजूला केली. “तिला नका विचारू,” हे म्हणाले. “मी तिला कळूच दिलं नाही. दिवाळीपासून, लिहा.”